पाटीच्या आधी मुले मोजा: बेने इस्रायल समाजाचे स्मृती युवा केंद्र कसे उभारावे

आपल्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुदी, समाजात कोणी गेले की वर्षाच्या प्रार्थनेला माणसे जमतात, हशकाबा, म्हणजे गेलेल्याच्या स्मृतीची प्रार्थना, होतो, चहाचे कप फिरतात आणि कोणीतरी बोलून जाते, “त्यांच्या नावाने मुलांसाठी काहीतरी करू या.” इथून कामाला सुरुवात होते. महिनाभरात आकडे बोलले जातात, इस्रायलमधल्या लोद किंवा अश्दोदहून चुलत भावाचा फोन येतो, “माझे इतके धरा.” आणि सहसा पहिली गोष्ट ठरते ती पाटीवरचा मजकूर.

तो मजकूर बाजूला ठेवा. वही घ्या आणि मुले मोजा.

२०११ च्या जनगणनेत देशभरातले यहुदी जेमतेम साडेचार हजारांच्या आसपास होते आणि त्यांतले निम्म्याहून अधिक महाराष्ट्रात. म्हणजे ठाणे, मुंबई, पनवेल, पुणे, अलिबाग अशी माणसे विखुरलेली. यादी करताना ‘आपल्यात किती कुटुंबे आहेत’ हे विचारू नका. ८ ते १२, १३ ते १७ आणि १८ ते २५ अशा तीन वयोगटांत नावे लिहा. प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी हव्यात: घरापासून किती वेळ लागतो, रविवारी क्लास असतो का आणि घरचे लोक येत्या पाच वर्षांत अलिया करायच्या, म्हणजे इस्रायलला कायमचे जायच्या, बेतात आहेत का. तिसरा प्रश्न अवघड वाटतो, पण विचारावाच लागतो. चाळीस नावांची यादी या एका रकान्याने बावीसवर येऊ शकते, आणि बावीस मुलांसाठी दोन मजली इमारत बांधणे हा मोठ्यांचा हौसेचा मामला झाला.

यादी हातात आली की सहा महिने काही न बांधता रविवारचे वर्ग चालवून बघा. सिनेगॉगचा मागचा हॉल, नाहीतर कोणाच्या सोसायटीचे क्लब हाऊस, काहीही चालेल. हिब्रू अक्षरे, कॅरम, थोडे पाठांतर, शेवटी वडापाव. सहाव्या महिन्यात जितकी मुले येतात, तेवढ्यांसाठी बांधा.

कोणाची स्मृती

इथे समाजात रुसवेफुगवे होतात, म्हणून नियम आधी लेखी करा. नाव ज्याचे द्यायचे तो माणूस आणि पैसे देणारा माणूस, हे दोन निर्णय वेगवेगळ्या बैठकांत घ्या. देणगीदारांची एकच भिंत, सगळ्यांची अक्षरे एकाच मापाची, रक्कम कुठेही नाही. लहान समाजात कोणी किती दिले हे तसेही सगळ्यांना ठाऊक असते, ते दगडात कोरायची गरज नाही.

एखादे तरुण मूल गेले असेल आणि आईवडिलांनी पुढाकार घेतला असेल तर नावाचा प्रश्नच नाही. फक्त त्यांची लेखी संमती घ्या, फोटो कुठे लावायचा, लावायचा की नाही, हे त्यांनाच ठरवू द्या. पण नाव अजून ठरलेले नसेल तर शिक्षक आणि डॉक्टर यांच्याकडे आधी बघावे, असे माझे मत. १९०५ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला पहिल्या आलेल्या आणि पुढे मुख्याध्यापिका म्हणून उभे आयुष्य मुलांत घालवलेल्या रेबेका रूबेन, किंवा १९१२ साली सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनला जाऊन डॉक्टर झालेल्या, १९६६ मध्ये पद्मश्री मिळालेल्या जेरुशा झिराड. ही नावे आपल्या मुलींना ठाऊक नसतात. वरळीच्या डॉ. ई. मोझेस रोडवरून रोज जाणाऱ्या किती मुलांना माहीत असते की हे डॉक्टर आपल्यातलेच, आणि मुंबईचे महापौर होते?

पुतळा, अर्धपुतळा यांचा विचारही नको, आपल्या परंपरेत ते बसत नाही. दफनभूमीला लागून केंद्र काढू नका. कोहेन, म्हणजे मृतांपासून दूर राहणाऱ्या पुरोहित, घराण्यातले लोक तिथे यायला कचरतील, मुलेही रमणार नाहीत.

ट्रस्ट, आयकर आणि परदेशचा पैसा

हा भाग कंटाळवाणा आहे, आणि केंद्रे बहुतेक इथेच अडतात. म्हणून थोडे थांबून वाचा.

तुमच्या सिनेगॉगचा ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेला असेल. तोच ट्रस्ट केंद्र चालवणार की नवा ट्रस्ट काढायचा, हे पहिल्याच दिवशी ठरवावे लागते, कारण दोन्हीकडे एकेक खोच आहे.

जुना ट्रस्ट घेतला तर जागा त्याचीच असते, लोक ओळखीचे असतात. पण उद्देशात ‘यहुदी समाजासाठी’ असे स्पष्ट लिहिलेले असते आणि एका विशिष्ट धर्मसमाजासाठी असलेल्या संस्थेला आयकराची ८०जी सवलत मिळत नाही. म्हणजे इथल्या देणगीदाराला करात सूट नाही. नवा ट्रस्ट काढून त्याचे दार सर्वांना खुले ठेवले तर ८०जीचा मार्ग मोकळा होतो. पण नव्या ट्रस्टला परदेशी देणगीची, म्हणजे एफसीआरएची, नियमित नोंदणी लगेच मिळत नाही. त्यासाठी संस्था किमान तीन वर्षे जुनी आणि त्या तीन वर्षांत कामावर १५ लाख खर्च झालेली हवी. नाहीतर विशिष्ट देणगीदाराकडून विशिष्ट रकमेसाठी आधी परवानगी काढावी लागते. आपला पैसा कुठून येणार, ठाण्यातून की इस्रायलहून, याचा अंदाज काढून मगच रस्ता निवडा. एफसीआरएचे काम केलेला सीए शोधा, घरचे रिटर्न भरणारा नको.

नातलगांच्या देणगीत एक घोटाळा नेहमी होतो. मावशी इस्रायलला, पण ‘ती आपलीच’ म्हणून तिचे पैसे साध्या खात्यात घेतले जातात. कायद्याला मावशी आपली आहे की नाही याच्याशी देणेघेणे नाही, पासपोर्टशी आहे. भारतीय पासपोर्टवर परदेशात राहणाऱ्याने स्वतःच्या कमाईतून दिलेली देणगी परदेशी धरली जात नाही. इस्रायलचे नागरिकत्व घेतलेल्याची, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचे ओसीआय कार्ड असले तरी, परदेशीच धरली जाते. ती रक्कम फक्त दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या एफसीआरए खात्यातच यायला हवी. इथल्या भाच्याच्या खात्यात मागवून मग ट्रस्टला वळवायची युक्ती कोणीतरी सुचवेलच. सरळ नाही म्हणा. प्रत्येक परदेशी देणगीदाराकडून पासपोर्टची प्रत आधी घ्या, आभाराचे पत्र नंतर पाठवा.

बांधकामासाठी कर्ज काढायचे असेल, ट्रस्टची जागा विकायची असेल किंवा इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने द्यायची असेल, तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. विश्वस्त बदलले तर ९० दिवसांत बदल अर्ज. अनेक जुन्या सिनेगॉगांच्या दप्तरात अजून दोन पिढ्यांमागचे विश्वस्त बसलेले असतात. बँक खाते उघडायला गेल्यावर ते सापडतात, म्हणून ही साफसफाई आधी करून घ्या.

विश्वस्त मंडळात २५ च्या आतले दोघे हवेत, त्यांतली एक मुलगी. सल्लागार म्हणून नको, सहीचा अधिकार देऊन. मुकादम (सिनेगॉगचा प्रमुख), गब्बाई (खजिनदार) ही पदे वडीलधाऱ्यांकडे असली तरी युवा केंद्राच्या खर्चाला त्यांच्या सहीखेरीज या दोघांपैकी एकाची सही लागेल असे करा. कुरकुर होईल. होऊ द्या.

जागा

ठाण्याचे शार हाशामाईम १८७९ चे, अलिबागचे मागेन अबोथ १८४८ चे, पनवेलचे बेथ एल १८४९ चे, रेवदंड्याचे १८४२ चे. या वास्तूंच्या आवारात थोडी मोकळी जागा असेल आणि नियमात बसत असेल, तर नवी जमीन शोधू नका. आवार एक, वॉचमन एक, पोलीस बंदोबस्त एक. शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवसाच्या, प्रार्थनेला आलेले आजोबा आणि नातू एकाच फाटकातून आत येतात, हेही महत्त्वाचे.

आवारात जागा नसेल आणि कोणी वडिलोपार्जित जमीन देऊ करत असेल, तर सातबारा उतारा काढा आणि त्यावरची नावे वाचा. रोहेकर, पेणकर, झिराडकर, नवगावकर, ज्या गावावरून आपले आडनाव आले त्या गावात एखादा तुकडा शिल्लक असतो, पण त्यावर आजोबांचे नाव असते आणि वारस बारा जण, त्यांतले नऊ इस्रायलमध्ये. प्रत्येकाचे कुलमुखत्यारपत्र तिथे अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारे प्रमाणीकरण, करून आणायचे, महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचे, मग वारसनोंद. वर्ष सहज जाते. शिवाय शेतजमीन असेल तर ती ट्रस्टला सरळ घेता येत नाही, परवानगी आणि बिगरशेती हे दोन्ही आले. समुद्राजवळ असेल तर सीआरझेडचे, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे, नियम बघायचे. दान दिलेली जमीन फुकट असते असे कोणी म्हणाले तर त्याला तलाठी कार्यालयात एक दिवस बसवा.

जागा कोणतीही असो, गेल्या पन्नास वर्षांत पाणी कुठवर चढले होते ते शेजाऱ्यांना विचारा. २६ जुलै २००५ च्या पुरात पनवेलच्या सिनेगॉगमध्ये पाणी शिरून सेफेर तोरा, म्हणजे धर्मग्रंथाच्या हस्तलिखित गुंडाळ्या, भिजल्या होत्या. जोते त्या खुणेच्या वर हवे, आणि पुस्तके, जुनी कागदपत्रे, हिब्रू ग्रंथ पहिल्या मजल्यावर.

आराखडा

आर्किटेक्ट सहसा यहुदी नसतो. त्याला ‘कम्युनिटी हॉल’ एवढेच सांगितले तर तो लग्नाचा हॉल काढून देतो. त्याच्यापुढे वर्षाचे पंचांगच ठेवा: नव्याचा सण म्हणजे रोश हशाना, दरफळणीचा सण म्हणजे योम किप्पूर, सुक्कोथ, हनुक्का, होळीचा सण म्हणजे पुरीम, अनाशी ढाकाचा सण म्हणजे पेसाह, बिरड्याचा सण म्हणजे तिशा बआव. कोणत्या दिवशी किती माणसे, खाली बसून की खुर्चीवर, जेवण आहे की उपास, हे एकदा त्याच्याशी बोला.

मुख्य हॉल तळमजल्यावरच ठेवा. माणशी दीड चौरस मीटर धरले तर ६० जणांना ९० चौरस मीटर, म्हणजे साधारण ९७० चौरस फूट पुरतात. शब्बाथला लिफ्ट वापरायची नाही म्हणून वरच्या मजल्यावर हॉल नको, आणि व्हीलचेअरसाठी दारात एकास बाराच्या उताराचा रॅम्प हवाच. मलिदा या आभाराच्या विधीला सगळे खाली बसतात, मधे पोह्यांचे मोठे ताट, खवलेला नारळ, खजूर, फळे. म्हणून चकाकत्या टाइल्सपेक्षा कोटा किंवा शहाबादी फरशी बरी.

हल्ली जिन्यात, बाथरूममध्ये माणूस आला की आपोआप लागणारे सेन्सर दिवे बसवायची फॅशन आहे. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत हे दिवे शब्बाथ पाळणाऱ्यांची अडचण करतात, कारण तेव्हा दिवा लावायचा नसतो आणि नुसते चालत गेले तरी तो लागतो. साधी बटणे आणि टायमर ठेवा. टायमरवर चालणारी सर्किट वेगळी काढून त्यांचा बोर्ड कुलपात ठेवा. कार्डाने उघडणाऱ्या कुलपांचेही तेच, साध्या किल्लीची सोय असलेलेच घ्या.

गच्चीचा निदान एक कोपरा थेट आभाळाखाली मोकळा हवा. सुक्कोथची मांडव-झोपडी छपराखाली किंवा वरच्या बाल्कनीखाली चालत नाही. आर्किटेक्ट पावसाच्या भीतीने अख्खी गच्ची पत्र्याने झाकून टाकतो, त्याला वेळीच थांबवा. स्लॅब टाकतानाच चार कोपऱ्यांत पाइप उभे करायची भोके ठेवली, तर दरवर्षी मुले अर्ध्या तासात सांगाडा उभा करून वर झावळ्या टाकू शकतात. भोकांभोवतीचे वॉटरप्रूफिंग मात्र स्वतः उभे राहून करून घ्या आणि पावसाळ्यात झाकणे घट्ट बसवा, नाहीतर गळती तिथूनच सुरू होईल.

स्वयंपाकघराबद्दल माझे ठाम मत आहे: केंद्रात मटण शिजवू नका. मांस आणि दूध यांची भांडी, सिंक, ओटे सगळे वेगळे ठेवायचे तर जागा दुप्पट लागते आणि शिस्त कोण पाळणार? शाकाहारी आणि दुधाचे पदार्थ, हवे तर खवले-पर असलेली मासळी, एवढ्यावर छान भागते. पेसाहची भांडी वेगळ्या कपाटात, किल्ली एकाच माणसाकडे. गव्हाच्या चिकाचा हलवा ढवळायला मोठे पातेले आणि मजबूत शेगडी मात्र हवी. नव्याच्या सणाच्या आधी तो ढवळण्याचे काम मुलांना द्या, वर्गापेक्षा जास्त मुले त्या दिवशी येतील.

किनाऱ्याजवळ बांधत असाल तर खाऱ्या हवेचा विचार करा. सळईवर काँक्रीटचे आवरण नीट ठेवा, रेलिंग ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे घ्या, साध्या ३०४ ला डाग पडतात. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने रायगडात पत्रे आणि कौले किती उडवली हे सगळ्यांनी पाहिले आहे. छपराचे बोल्ट मोजून घ्या, कंत्राटदाराच्या शब्दावर सोडू नका.

सुरक्षा हा नाजूक विषय. २००८ मध्ये नरिमन हाऊसवर हल्ला झाल्यापासून मुंबई-ठाण्यातल्या सिनेगॉगबाहेर पोलीस असतात, आणि नव्या केंद्राची कल्पनाही स्थानिक पोलीस ठाण्याला नकाशासकट आधीच द्यावी. पण लोखंडी जाळ्या लावून इमारत तुरुंगासारखी करू नका. फाटकापासून दारापर्यंत थोडे अंतर, एकच प्रवेश, आणि मागे आगीत बाहेर पडायला बाहेरच्या बाजूला उघडणारे दार. ते दार चोरांच्या भीतीने बाहेरून कुलूप लावून ठेवायची सवय असते, तसे अजिबात नको. अग्निशमन यंत्रणेचा दाखला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावा लागतो.

पाटी, आता

मजकूर मराठी, हिब्रू आणि इंग्रजीत असू द्या. हिब्रू उजवीकडून डावीकडे जाते आणि पाट्या कोरणाऱ्याच्या संगणकात ती हमखास उलटी होते: अक्षरे सुटी बरोबर, क्रम पूर्ण उफराटा. दगड कोरून झाल्यावर हे लक्षात येते. म्हणून मजकूर टाइप करून देऊ नका, अक्षरांचे चित्र करून द्या, आणि कोरण्याआधी कागदावरचा पूर्ण मापाचा छापा हजानांकडून, म्हणजे सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्यांकडून, वाचून घ्या. देवाचे हिब्रू नाव किंवा पूर्ण वचन निमंत्रणपत्रिकेवर छापू नका, त्या पत्रिका मग कचऱ्यात टाकता येत नाहीत.

मृत्यूची तारीख हिब्रू पंचांगाप्रमाणे काढताना एक गोष्ट घरच्यांना विचारावीच लागते: सूर्यास्ताच्या आधी की नंतर? यहुदी दिवस संध्याकाळी सुरू होतो, त्यामुळे रात्री आठला गेलेल्या माणसाची तिथी पुढची धरतात. आपल्या शेजाऱ्यांच्या अधिक मासासारखा हिब्रू पंचांगातही १९ वर्षांत सात वेळा एक महिना वाढतो. अदार, म्हणजे हाच दुप्पट होणारा महिना, त्यात गेलेल्यांची तिथी अशा वर्षी कधी पाळायची ते हजानांना विचारून नोंदवहीत लिहून ठेवा.

ही नोंदवहीच खरे तर तुमचे स्मारक होऊ शकते. समाजातल्या प्रत्येक गेलेल्या माणसाचे नाव, गाव, हिब्रू तिथी, आणि एक पान आठवण. १३ ते १७ च्या मुलांना हे काम द्या. ती घरोघर जातील, आजींना बोलते करतील, फोनवर आवाज टिपतील. १८७४ साली पुण्यात छापलेल्या हगादाची, म्हणजे पेसाहच्या रात्री वाचायच्या पोथीची, मराठी मुलांनी वाचायला हवी, आणि मराठीतून यहुदी कीर्तने होत ती परंपराही एखादे मूल हार्मोनियमवर परत उचलू शकते. मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येक मोठ्याची पोलीस पडताळणी, आणि एका मुलाबरोबर बंद खोलीत एकटा मोठा कधीच नाही. सगळे एकमेकांना ओळखतात म्हणून हा नियम सोडू नका, ओळखीच्या समाजातच तो जास्त लागतो.

चालवायचा खर्च

बांधायला पैसे मिळतात, वीजबिलाला मिळत नाहीत. समजा अर्धवेळ संयोजकाला महिना २५ हजार, राखणदाराला १८, वीज-पाणी-इंटरनेट ९, दुरुस्ती-विमा-ऑडिट ८. झाले ६० हजार, वर्षाचे ७ लाख २० हजार. साडेसहा टक्के व्याज धरले तर त्यासाठी जवळपास १ कोटी ११ लाखांची ठेव लागते, तीही महागाई न धरता. एवढे जमत नसेल तर इमारत लहान करा. प्रत्येक देणगीतला तिसरा हिस्सा ठेवीत जाईल असा ठराव पहिल्या पावतीपूर्वी करा.

आणि दार शेजारच्या मुलांनाही उघडा. चाळीस मुलांसाठी आठवड्यात पाच दिवस बंद राहणारी वास्तू कोणालाच परवडत नाही. सकाळी अभ्यासिका, संध्याकाळी कॅरम-टेबल टेनिस, शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार मात्र आपले. माझगावची सर एली कदूरी शाळा बघा. १८७५ साली हाईम सॅम्युएल केहीमकर आणि सोबत्यांनी समाजाच्या मुलांसाठी काढलेल्या शाळेचे ते पुढचे रूप. आज तिथले बहुतेक विद्यार्थी यहुदी नाहीत, तरी शाळा चालू आहे. राज्याने २०१६ मध्ये यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला, पण तो राज्यापुरता. त्याचे दाखले आणि राज्याच्या शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देणारे एक टेबलही आठवड्यातून एकदा केंद्रात लावता येईल.

मेझुझा आणि शेवटचे कलम

उद्घाटनाला मेझुझा, म्हणजे वचनांचे चर्मपत्र असलेली डबी, आत येताना उजव्या चौकटीवर, वरच्या तिसऱ्या भागाच्या तळाशी लावतात, संडास-बाथरूम सोडून प्रत्येक दाराला. चर्मपत्र इलेक्ट्रिशियनकडे देऊ नका, पण भोके आणि स्क्रू त्याच्याकडून आधी करून घ्या, नाहीतर पाहुण्यांसमोर ग्रॅनाइटवर ड्रिल चालते. मंत्री बोलवायचे की नाही ते तुमचे तुम्ही ठरवा. पहिल्या वर्षाचे वेळापत्रक मात्र त्याच दिवशी भिंतीवर हवे.

ट्रस्टच्या दस्तात एक कलम आधीच लिहून ठेवा, आणि ते वडीलधाऱ्यांना समजावून सांगा. मुले इस्रायलला गेली, वर्गाला सलग तीन वर्षे दहाहून कमी मुले आली, तर काय? इमारत कोणत्या जवळच्या उद्देशाला जाईल, वाचनालय की वृद्धांचे दिवस केंद्र, ते नमूद करा. दस्तात काही नसले तर हा प्रश्न पुढे न्यायालयापुढे जातो आणि तोवर कुलूप गंजते. नोंदवही आणि आवाजाची ध्वनिमुद्रणे कोणत्या सिनेगॉगकडे जातील, त्यांची दुसरी प्रत इस्रायलमधल्या कोणत्या मराठी मंडळाकडे ठेवायची, जीर्ण हिब्रू ग्रंथ दफनाला कोण नेईल, हेही नावानिशी लिहा. पाटी उतरवायची वेळ आलीच तर ती कुटुंबाला परत द्यायची, कुटुंब सापडले नाही तर ठाण्याच्या किंवा अलिबागच्या सिनेगॉगच्या भिंतीवर, आणि त्याचा खर्च ठेवीतून.